इंजिनालाही वाफसा लागतो : जुनी मोटार, जीप व ट्रॅक्टर यांच्या ब्रीदरची निगा



एरवी या पानावर बेणे, बेसल डोस, खोडकिडा आणि पाचट कुजविणे याच विषयांवर आपली भेट होते. आजचा विषय थोडा वेगळा आहे. गळीत हंगामाच्या तोंडावर गटागटांतून फिरताना एक तक्रार वारंवार कानावर येते. "साहेब, इंजिन ऑईल फेकतंय. सील बदललं, पॅकिंग बदललं, तरी फेकतंयच." कुणाची जुनी मारुती असते, कुणाची जीप, तर कुणाचा वीस वर्षे राबलेला ट्रॅक्टर. पुष्कळदा दोष सीलात नसतोच. दोष असतो अंगठ्याएवढ्या जाडीच्या एका नळीत, जिच्याकडे वर्षानुवर्षे कुणी पाहिलेले नसते. त्या नळीला ब्रीदर म्हणतात. ब्रीदर म्हणजे इंजिनाचे नाक.

मी शेतकीचा पदविकाधारक आहे, यंत्रशास्त्राचा नव्हे. तथापि वाहन दुरुस्तीच्या फिटर मंडळींबरोबर बसून हा विषय समजावून घेतला आणि तो आपल्या भाषेत मांडावा असे वाटले. कारण ऐन हंगामात ट्रॅक्टर आठ दिवस उभा राहिला तर नुसता दुरुस्तीचा खर्च होत नाही. तुटलेला ऊस फडात वाळतो, वजन घटते, तोडणी टोळी बसून राहते आणि शेजाऱ्याच्या खेपा पुढे जातात.

इंजिन श्वास का घेते?

ऊसाच्या मुळाला पाणी लागते तशी हवाही लागते, हे आपणांस सांगायला नको. वाफसा नसलेल्या रानात मूळ गुदमरते आणि पाने पिवळी पडतात. अशा वेळी काहीजण चर काढायचे सोडून युरियाचे पोते आणतात. दोष निचऱ्याचा आणि उपाय मात्र खताचा! इंजिनाच्या बाबतीतही नेमके असेच घडते.

सिलिंडरमध्ये इंधन पेटले की वायूचा मोठा दाब तयार होतो आणि तो पिस्टनला खाली ढकलतो. पिस्टनला रिंगा असतात. त्या दाब अडवितात, पण शंभर टक्के नव्हे. इंजिन अगदी कोरे असले तरी थोडा वायू रिंगांच्या फटीतून खाली निसटतो आणि क्रँक फिरते त्या पोकळीत उतरतो. गॅरेजात ऑईलच्या टाकीला आपण चेंबर म्हणतो, तिच्या वरचीच ही पोकळी. या निसटत्या वायूला मिस्त्री लोक 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात.

हा वायू कोरडा नसतो. त्यात न जळलेले इंधन, काजळी, आम्ल आणि पाण्याची वाफ असते. एक लिटर पेट्रोल किंवा डिझेल जळले की त्यातून साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. त्यातले बहुतेक सायलेन्सरवाटे जाते. थोडेसे मात्र बॅक कॉम्प्रेशनबरोबर चेंबरात उतरते. ते बाहेर पडायला वाट नसेल तर दोन गोष्टी होतात. एक, आत दाब साठतो. दोन, वाफ थंड होऊन तिचे पाणी ऑईलमध्ये मिसळते आणि ऑईलचा चिखल होतो. ही वाट मोकळी ठेवणे एवढेच ब्रीदरचे काम.

उघडी नळी आणि बंद पद्धत

जुन्या इंजिनांना साधी व्यवस्था असे. टॅपेट कव्हरवर जाळीची टोपी, नाहीतर ब्लॉकच्या बाजूने खाली रस्त्याकडे तोंड करून सोडलेली उघडी नळी. गाडी पळू लागली की नळीच्या तोंडाशी वाऱ्याचा ओढा तयार होई आणि आतली वाफ बाहेर पडे. आपल्याकडच्या अनेक जुन्या ट्रॅक्टरांना व डिझेल जीपांना आजही अशीच नळी आहे. तिच्या टोकाला थोडी वाफ दिसणे आणि एखादा ऑईलचा थेंब लोंबणे यात घाबरण्यासारखे काही नाही.

उघड्या नळीचा दोष असा की सगळा विषारी वायू हवेत जातो. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने धुरक्याला कंटाळून 1961 साली मोटारींना बंद पद्धत सक्तीची केली. या पद्धतीत चेंबरातला वायू बाहेर न सोडता नळीने पुन्हा इंजिनाच्या हवेच्या वाटेत नेतात आणि तिथे तो जळून जातो. पेट्रोल मोटारींत या वाटेवर बहुधा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. त्याला पीसीव्ही व्हॉल्व्ह म्हणतात. त्यात एक स्प्रिंग आणि एक दट्ट्या असतो. इंजिन मंद चालते तेव्हा मॅनिफोल्डची ओढ फार असते, म्हणून दट्ट्या वाट अरुंद करतो. वेग आणि भार वाढला की ओढ कमी होते, स्प्रिंग वाट मोकळी करते आणि वाढलेला वायू निघून जातो. मॅनिफोल्डमध्ये उलटा भडका झालाच तर हाच दट्ट्या वाट बंद करून ज्वाळा चेंबरात जाऊ देत नाही. काही गाड्यांत व्हॉल्व्हऐवजी ठराविक मापाचे बारीक भोकच असते. काम तेच.

बंद पद्धतीत साधारणपणे दोन नळ्या असतात. एक एअर क्लीनरकडून स्वच्छ हवा आत आणते, दुसरी घाण हवा मॅनिफोल्डकडे नेते. म्हणजे आत येण्याची वाट वेगळी आणि जाण्याची वेगळी. दोन्ही मोकळ्या असतील तरच खेळते वारे राहते.

नाक चोंदले तर

ब्रीदर तुंबला की दाब मिळेल तिथून वाट काढतो. आधी टॅपेट कव्हरचे पॅकिंग पाझरते, मग क्रँकच्या पुढच्या-मागच्या सीलातून ऑईल येते. कधी डिपस्टिक आपोआप वर उचलली जाते आणि तिच्या भोवती ऑईल उडालेले दिसते. मागच्या सीलातून आलेले ऑईल क्लच प्लेटवर गेले तर क्लच घसरू लागतो आणि ऊसाने भरलेल्या ट्रॉल्या घेऊन चढावर ट्रॅक्टर ओढत नाही. बंद पद्धतीच्या मोटारीत एअर क्लीनर ऑईलने भिजतो.

उलट, पीसीव्ही व्हॉल्व्ह उघडा राहून अडकला किंवा त्याची नळी चिरली, तर नको तेवढी हवा मॅनिफोल्डमध्ये शिरते. मग गाडी मंद वेगावर थरथरते, वारंवार बंद पडते, आणि मिस्त्री कार्बोरेटरचे स्क्रू फिरवीत बसतो.

गेल्या हंगामातील एक उदाहरण सांगतो. आमच्या गटातील एका वडीलधाऱ्या सभासदांच्या ट्रॅक्टरचे मागचे क्रँक सील एका महिन्यात दोनदा बदलले. त्यासाठी दोन्ही वेळा ट्रॅक्टर मधून तोडावा लागला. तिसऱ्यांदा गळू लागल्यावर फिटरने त्यांना विचारले, "आबा, पावसाळ्यात ट्रॅक्टर कुठं उभा होता?"

"गोठ्याच्या पडवीला. चार महिने हलवला न्हाई."

फिटरने वाकून ब्रीदर नळीच्या तोंडात तार घातली, तर तार आत जाईना. कुंभारीण माशीने नळीत मातीचे घर करून ते लिंपून टाकले होते. माती काढली, नळी धुतली, सील पुन्हा बसविले. त्यानंतर हंगामभर गळती नाही. आबा म्हणाले, "पंधरा मिनिटांच्या कामापायी दोनदा ट्रॅक्टर फाडला व्हय!" असा प्रसंग इतरांवर येऊ नये यासाठीच हा लेख.

तपासणी कशी करावी?

तपासणीपूर्वी उपरणे, मफलर, साडीचा पदर किंवा सैल बाही बेल्ट-पंख्यापासून दूर ठेवावी. जवळ विडी-काडी ओढू नये. ही वाफ पेट घेऊ शकते.

1. नळीचा माग काढा. टॅपेट कव्हरपासून टोकापर्यंत नळी हाताने चाचपा. कुठे पिचली, मुडपली, फुगली किंवा चिरली आहे का ते पाहा. उघड्या नळीच्या टोकाला चिखल, कोळिष्टक वा मातीचे घर आहे का ते पाहा.

2. ऑईल भरण्याचे झाकण काढून आतली बाजू पाहा. लोण्यासारखा पांढुरका-पिवळसर थर असेल तर आत पाणी साचते आहे. थर फक्त झाकणालाच असेल तर बहुधा थंड इंजिन आणि तुंबलेला ब्रीदर हे कारण. पण डिपस्टिकवरचे ऑईलही दुधाळ दिसत असेल आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केट किंवा ब्लॉकची तक्रार समजावी आणि इंजिन चालू न करता मिस्त्रीला दाखवावे.

3. पीसीव्ही व्हॉल्व्ह असलेल्या पेट्रोल मोटारीत इंजिन गरम करून मंद वेगावर ठेवा. व्हॉल्व्ह टॅपेट कव्हरमधून उपसून त्याच्या तोंडावर अंगठा ठेवा. जोराची ओढ जाणवली पाहिजे. ओढ नसेल तर व्हॉल्व्ह किंवा नळी तुंबली आहे. नंतर इंजिन बंद करून व्हॉल्व्ह कानाशी हलवा. आतला दट्ट्या खुळखुळला पाहिजे. मुका व्हॉल्व्ह बदलावा. खुळखुळतो म्हणून तो शंभर टक्के चांगला, असे मात्र नाही; स्प्रिंग मऊ झालेली असू शकते.

4. कागदाची परीक्षा. अशाच मोटारीत व्हॉल्व्ह जागेवर बसवून, एअर क्लीनरकडची नळी काढून तिचे टॅपेट कव्हरवरचे तोंड बोटाने बंद करा आणि ऑईल भरण्याच्या तोंडावर वहीचा कागद ठेवा. थोड्या वेळात कागद चिकटून बसला तर वारे बरोबर खेळते आहे. कागद उडू लागला तर वाट बंद आहे किंवा बॅक कॉम्प्रेशन जास्त आहे. डिझेल इंजिनाला ही परीक्षा लावू नये. त्याला तशी ओढ नसते, त्यामुळे निष्कारण घाबरगुंडी उडेल.

साफसफाई

इंजिन थंड असताना नळी काढावी. जाळीची टोपी असेल तर ती डिझेलमध्ये तासभर भिजवून ब्रशने घासावी, झटकून पूर्ण वाळू द्यावी. पूर्वीच्या तारेच्या जाळीला बसविण्यापूर्वी स्वच्छ इंजिन ऑईलचा हात लावतात, म्हणजे फुफाटा जाळीतच अडतो. नळीतून तार किंवा बाटली धुण्याचा ब्रश फिरवावा आणि हवा मारावी. नळी इंजिनाला जोडलेली असताना हवा मारू नये. सगळी घाण आत जाईल.

पीसीव्ही व्हॉल्व्ह कार्बोरेटर क्लीनरने धुऊन काही काळ चालतो. पण तो स्वस्त भाग आहे. शंका आली की बदलावा आणि आपल्याच मॉडेलचा घ्यावा. दिसायला सारखा असलेला दुसऱ्या गाडीचा व्हॉल्व्ह हवेचे माप बिघडवितो.

नळी बदलताना ऑईल सोसणारी, त्याच कामाची घ्यावी. रेडिएटरची पाण्याची नळी ऑईलच्या वाफेने फुगते व मऊ पडते. ठिबकची लॅटरल उष्णतेने पिचते. फवारणी पंपाची नळी आत ओढली जाऊन चपटी होते. घरात पडलेली नळी बसविली म्हणजे काम झाले, असे समजू नये.

हे करू नये

वास येतो, ऑईल ठिबकते म्हणून ब्रीदरच्या तोंडात बोळा किंवा लाकडी गुल्ली कधीही ठोकू नये. टोकाला बाटली बांधायची असेल तर ती सैल असावी आणि हवा जायला भरपूर वाट असावी. घट्ट बांधलेली बाटली म्हणजे गुल्लीच. उघड्या नळीचे टोक वरच्या बाजूला फिरवू नये. पाऊस-पाणी थेट इंजिनात जाईल. ऑईल डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या पुढे भरू नये. जादा ऑईल क्रँकने घुसळले जाते आणि ब्रीदरवाटेच बाहेर येते.

यार्डातील रांगेत ट्रॅक्टर तासन् तास मंद वेगावर चालू ठेवण्याची सवय घातक आहे. अशा वेळी ऑईल पुरेसे तापत नाही, वाफ उडून जात नाही आणि चिखल साठतो. बॅटरी उतरलेली असते, बंद केला तर पुन्हा चालू होणार नाही, म्हणून चालक इंजिन बंद करीत नाहीत, हे आम्ही जाणतो. पण मग इलाज बॅटरीचा करावा. तिच्यापायी रोज डिझेल आणि ऑईल दोन्ही का घालवावे? मोटारीचेही असेच आहे. घर ते सोसायटी आणि सोसायटी ते घर एवढीच गाडी फिरत असेल, तर आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास रस्त्यावर चालवून इंजिन पुरते तापू द्यावे.

साफ करूनही वाफ थांबत नसेल तर?

येथे दोष नाकाचा की छातीचा, हे ओळखावे लागते. सगळी वाट स्वच्छ केल्यावर इंजिन गरम करा आणि ब्रीदरच्या तोंडाकडे पाहा. वाफ संथ येत असेल तर ठीक. भात्यासारखे फक् फक् झोत येत असतील, सायलेन्सरमधून निळसर धूर असेल, ऑईल वरचेवर भरावे लागत असेल आणि ओढ कमी झाली असेल, तर रिंग-बोअर झिजले आहेत. मग कॉम्प्रेशन मोजून घ्यावे आणि इंजिनकामाची तयारी करावी. अशा इंजिनाला नवे सील कितीही घातले तरी टिकणार नाही.

म्हणून क्रम लक्षात ठेवावा. पहिल्यांदा ब्रीदर साफ, मग बॅक कॉम्प्रेशनची खात्री, आणि शेवटी सील. पहिल्या पायरीला फार तर काही शे रुपये लागतात. इंजिनकाम पाच आकडी खर्चाचे असते. मिस्त्रीने थेट सील किंवा इंजिनकाम सांगितले, तर "आधी ब्रीदर बघितला का?" एवढे विचारायला संकोच करू नये. चांगल्या मिस्त्रीला या प्रश्नाचा राग येत नाही.

डिझेल इंजिन सुसाट सुटले तर

ही गोष्ट प्रत्येक चालकाला माहीत पाहिजे. ज्या डिझेल इंजिनाचा ब्रीदर हवेच्या वाटेत जोडलेला आहे, त्यात ऑईल जादा भरले किंवा बॅक कॉम्प्रेशन फार वाढले, तर ऑईलच हवेबरोबर सिलिंडरमध्ये जाऊन इंधनासारखे जळू लागते. एअर क्लीनरच्या वाटीत खुणेपेक्षा जास्त ऑईल भरले तरी हाच धोका. मग इंजिन आपोआप वेग घेते, पांढरा-निळा धूर ओकते, आणि स्टॉप नॉब ओढला किंवा चावी बंद केली तरी थांबत नाही. कारण ते डिझेलवर चाललेलेच नसते.

अशा वेळी माणसांना, विशेषतः मुलांना, लगेच लांब करावे. चालक बसलेला असेल तर ब्रेक घट्ट दाबून वरचा गिअर टाकावा आणि क्लच सोडून इंजिन कोंडून बंद करावे. दुसरा उपाय हवा तोडण्याचा. एअर क्लीनरच्या तोंडावर जाड फळी घट्ट दाबून धरावी. नुसता हात लावू नये, पातळ फडके तर आतच ओढले जाईल. आणि इंजिन फाटेल असे वाटले तर जवळही जाऊ नये. इंजिन गेले तर दुसरे मिळेल.

वेळापत्रक

हंगामापूर्वी : नळी, टोपी, व्हॉल्व्ह काढून साफ करावे. कडक पडलेल्या नळ्या व क्लिपा बदलाव्यात.

हंगामात : प्रत्येक ऑईल बदलाच्या वेळी ब्रीदर पाहावा. फुफाट्याच्या रस्त्यावर चालणाऱ्या वाहनांनी मधूनही एकदा पाहावा. आठवड्याला झाकणाची आतली बाजू बघण्यास एक मिनिट पुरते.

हंगामानंतर : वाहन बरेच दिवस उभे राहणार असेल, तर उघड्या नळीच्या तोंडाला बारीक जाळीचा तुकडा तारेने बांधावा, म्हणजे कुंभारीण आत शिरणार नाही आणि वाटही बंद होणार नाही. कापड बांधले असेल तर स्टिअरिंगला लाल चिंधी बांधून ठेवावी. ती सोडल्याशिवाय सेल्फ मारू नये.

आपल्या ट्रॅक्टर-मोटारींवर कर्जे आहेत, हप्ते आहेत, आणि घरातल्या एखाद्या मुलाचा रोजगारही आहे. सरीत पाणी तुंबले की आपण रात्री बॅटरी घेऊन बांध फोडायला जातो. तेवढीच काळजी या नळीची घ्यावी. वाहतूक करारातील सभासदांनी आपल्या चालकांना हा मजकूर वाचून दाखवावा, ही विनंती. पुढील अंकात खोडव्यातील पाचट व्यवस्थापनाविषयी लिहीन.

कळावे,

आपला,
ऊस विकास अधिकारी
शेतकी विभाग